डावं मनगट

डॉक्टर दर्शना यांनी सयाजीचा डावा हात टेबलावर उताणा ठेवला, जिथे नाडी लागते तिथे दोन बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "काका, इथून आत जाऊ." सयाजीला आधी काही कळलंच नाही. तो महाडहून पनवेलला आला होता तो लघवीच्या त्रासासाठी, सहा-सात वर्षं अंगावर काढलेल्या. आणि त्याच्या सुनेहून लहान दिसणारी ही मुलगी त्याचं मनगट धरून बसली होती. "इथून?" त्याने विचारलं. "हो. मनगटाच्या धमनीतून एक बारीक नळी सोडायची. ती खांद्यापर्यंत वर जाते, मग छातीतून खाली, पोटात, आणि प्रोस्टेटला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत. तिथे खसखशीहून बारीक मणी सोडायचे. रक्त कमी झालं की वाढलेली ग्रंथी हळूहळू आक्रसते. कापाकापी नाही, टाके नाहीत, भूल मनगटापुरती. दुसऱ्या दिवशी घरी." सयाजी मान डोलावत होता आणि पोटातून हसू वर येत होतं. त्याने ते खोकल्यात लपवलं, मग पंच्यात, आणि मग ते फुटलंच. अडुसष्ट वर्षांचा माणूस, बायकोसमोरही जपून हसणारा, डॉक्टरांच्या खोलीत डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. शेजारी बसलेला त्याचा महाडचा दोस्त नासिर घाबरला. "काय झालं रे? यडा झालास काय?" सयाजी म्हणाला, "काय नाय. करा बाई, मनगटातूनच करा." त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्याने दोघांनाही सांगितलं नाही. गेले दहा महिने तो साऱ्या गावाला सांगत होता की माझं डावं मनगट कामातून गेलंय, आणि ते साफ खोटं होतं.

खोटं बोलायला तो निघाला नव्हता, ते तोंडातून निसटलं होतं. पोलादपूरच्या आत, डोंगराच्या कुशीत त्याचं गाव देवखोल, आणि देवखोलची ग्रामदेवी काळकाईची काठी म्हणजे शिमग्याचा जीव. तीस हात उंच बांबू, त्याला लाल-पिवळी वस्त्रं गुंडाळलेली, शेंड्याला चवरी. एक गडी ती कमरेच्या शेल्यात उभी धरतो आणि नाचवतो. ती तोल सोडू नये म्हणून शेंड्याखालून चार दोर चार दिशांना येतात, त्यांना तणावे म्हणायचं. चार तणावे चार घरांचे. पूर्वेचा सयाजीच्या घराचा, कुणी आजोबा-पणजोबांच्या काळापासून. काठी देवळातून उठते, दारोदार पूजा घेत, शेतांतून नाचत सहाणेच्या दगडी चौथऱ्यावर जाते, आणि ती सहाणेला टेकेपर्यंत तणाव्यावरचा हात सुटता कामा नये. वाटेत हात बदलणं नाही. तीन तास, कधी साडेतीन. गेल्या शिमग्याला सयाजीने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, चहाला हात लावला नव्हता. तरी चौथ्या घराशी ओटीपोटात ती ओळखीची कळ उठली. खालूबाजा जोरात होता, सनई टिपेला गेली होती, लोक "हर हर" म्हणत होते, आणि सयाजीला त्या गर्दीत एकच गोष्ट ऐकू येत होती, स्वतःच्या पोटातली. त्याने दात आवळले, पाय आवळले, काळकाईला आळवलं. मग हात सुटला. तो पेंढ्याच्या उडवीमागे धावला तेव्हा पाठीमागे मोठा आवाज झाला. काठी कलली होती आणि तिचा शेंडा आंब्याच्या फांद्यांत अडकला होता. उडवीमागे उभं राहून थेंब-थेंब वाट बघण्यात त्याची किती मिनिटं गेली कुणास ठाऊक. परत आला तेव्हा त्याने डावं मनगट उजव्या हातात धरलं होतं. "निखळलं," तो म्हणाला. "मनगट निखळलं." गावकीचा म्होरक्या हैबती लगेच वळला तो समोरचा तणावा धरणाऱ्या सुनीलकडे. "बैला, ओडायचं तरी किती! म्हाताऱ्या मानसाचा हात काडलास!" आणि सुनीलने, तिशीच्या दणकट गड्याने, खाली मान घालून काळकाईपुढे नारळ फोडला आणि चूक कबूल केली. सयाजी तिथेच उभा होता. त्याचं तोंड उघडलं नाही, आणि ते न उघडलेलं तोंड त्याला वर्षभर छळत राहिलं.

त्याला भीती कशाची होती ते त्याला पक्कं माहीत होतं. तो कॉलेजात होता त्या साली त्याच्या चुलत्याची हीच गाठ मुंबईला काढली. पोट फाडून. चुलता गावी परत आला तो नळी आणि पिशवी घेऊन. ओटीवर बसायचा, उकाड्यातही मांडीवर कांबळं, आणि कांबळ्याखाली ती पिशवी. बायका पदर तोंडाला लावून हळू बोलायच्या. पुरुष म्हणायचे, संपला बिचारा. तणावा तेव्हाच चुलत्याकडून सयाजीच्या बापाकडे आला, आणि ज्या दिवशी आला त्या दिवशी चुलत्याने ओटीवरून उठून आत जाऊन दार लावून घेतलं होतं. ते दार सयाजीच्या कानात अजून लागायचं. पुढे तो महाडला आला, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर तीस वर्षं काढली. बॉयलरजवळून हलायचं नाही, काट्यावरची नजर काढायची नाही. आठ-आठ तास धरून ठेवायची सवय त्याला तिथे लागली आणि तिचा त्याला अभिमानही होता. त्यामुळेच हे झालं असणार, असं त्याने डॉक्टरांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "नाही काका, वय झालं की होतं. निम्म्या पुरुषांना होतं, कुणी सांगत नाही इतकंच."

कुणी सांगत नाही हे तर खरंच. निवृत्तीनंतर महाड शहर त्याला निराळंच पाठ झालं होतं. एसटी स्टँडच्या मागची मुतारी, बाजारपेठेतल्या बोळातली, नासिरच्या गोडाऊनमधली. कुठून कुठे जायला किती पावलं, मध्ये किती वेळ. चवदार तळ्याला संध्याकाळी फेरी मारायची त्याची आणि नासिरची जुनी रीत, तीही सुटली, कारण एक फेरी पुरी व्हायच्या आत त्याला घराची आठवण यायची. नासिरला तो सांगायचा, गुडघे दुखतात. एके दिवशी नासिर तळ्याच्या कठड्याशी थांबला आणि म्हणाला, "सयाजी, गुडगे दुखनारा मानूस जाताना लंगडतो. तू जाताना धावतोस." नासिरने कुवेतला एकोणीस वर्षं ट्रेलर चालवला होता, वाळवंटात सहा-सहा तास, आणि परत आल्यावर त्याचंही हेच झालं होतं, त्याने मुंबईला लेझरने करून घेतलं आणि सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं. "लाज कसली यार? हे काय चोरी करून मिळालं काय आपल्याला?" त्यानेच पनवेलच्या या डॉक्टरांचा पत्ता काढला. त्यानेच रक्त तपासून घ्यायला लावलं, आणि त्यात वाईट काही नाही म्हणून कागद आला तेव्हा दोघांनी बाजारात उभ्याउभ्या पेढे खाल्ले. घरी मात्र सयाजीने सांगितलं, मनगट दाखवायला चाललोय. त्याच्या बायकोने, आनंदीबाईंनी, विचारलं, "मनगटासाटी इतक्या लांब?" तो म्हणाला, "शिरेचं काम हाय." आता या टेबलावर, डॉक्टरांची दोन बोटं नाडीवर असताना, त्याला दिसलं की खोट्याला आपोआप खरी जागा मिळाली होती. देवीच बघून घेते म्हणायचं की काय! त्याला पुन्हा हसू आलं.

पौषातल्या एका बुधवारी त्याला त्या थंडगार खोलीत आडवं केलं. नासिरने त्याला पहाटे वीर स्टेशनला रिक्षाने नेलं होतं. रेल्वे मुद्दाम, कारण गाडीला संडास असतो आणि एसटीला नसतो. मनगटात सुई टोचली ती मुंगी चावावी इतकीच. मग काहीच नाही. तो जागा होता, डोळे उघडे होते, आणि शेजारच्या पडद्यावर त्याच्या स्वतःच्या पोटातल्या धमन्या काळ्या रेघांनी उमटत होत्या. डॉक्टर अधूनमधून सांगत होत्या, आता खांद्यावरून वळलो, आता छातीतून खाली. सयाजीला आंबेनळी घाट आठवला, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारी एसटी, वळणावर वळण, ड्रायव्हर शांत आणि प्रवाशांचे जीव मुठीत. "आता जरा गरम वाटेल काका," त्या म्हणाल्या, आणि ओटीपोटात खरंच ऊब पसरली, थंडीत चुलीपुढे बसल्यासारखी. कितीतरी वर्षांत त्या जागेने त्याला काही बरं दिलं नव्हतं. तो छताकडे बघत पडून राहिला. चुलता आठवला, कांबळं आठवलं, आणि पहिल्यांदाच त्याला चुलत्याची भीती न वाटता कीव आली, माया आली. आज असतास तर तुलाही इथे आणला असता रे, तो मनात म्हणाला. नासिरच्या रिक्षातून. आणि आत, त्याच्या नकळत, खसखशीहून बारीक मणी आपापल्या जागी जाऊन बसत होते.

डॉक्टरांनी जाताना बजावलं होतं. पहिला आठवडा थोडी जळजळ होईल, कदाचित जास्त वेळा जावं लागेल, घाबरायचं नाही. फरक दोन-तीन आठवड्यांनी दिसायला लागेल, पुरता फरक तीन महिन्यांनी. मनगटावर एक चिकटपट्टी, ती दोन दिवसांत काढून टाका. दोन दिवसांनी सयाजीने ती काढली आणि खाली बघतो तर काय, मसुराएवढा डाग. एवढ्याशा डागावर दहा महिन्यांचं खोटं कसं उभं राहणार? म्हणून त्याने मेडिकलमधून गुंडाळायची लांब पट्टी आणली आणि मनगटापासून अर्ध्या हातापर्यंत बांधली. वर गळ्यात झोळीही अडकवून पाहिली, पण ती आरशात त्याची त्यालाच फार वाटली. माघात गावच्या एका लग्नाला तो ती पट्टी बांधून गेला. लोक येऊन येऊन विचारत होते, तो तपशील वाढवत होता. शिरेचं काम होतं. पनवेलला मोठं काम केलं. नळी घातली. प्रत्येक शब्द खरा होता, हीच तर गंमत. हैबतीने पट्टीवर हात ठेवून डोळे मिटले आणि म्हणाला, "जप रे बाबा." मांडवात वाढपी असलेला सुनील पंगतीत त्याच्यापुढे आला, पानात जिलेबी वाढली आणि हळूच म्हणाला, "काका, लय दुखतंय काय?" सयाजीला ती जिलेबी गिळता आली नाही. त्याने पाण्याबरोबर ती खाली ढकलली, आणि मग ते पाणीही त्याला भोवलं.

आणि मग एका सकाळी, महिना होत आला असेल, तो न्हाणीघरात उभा होता. नेहमीसारखा डावा हात भिंतीला टेकवून, मान खाली, तयारीने, की आता पाच मिनिटं तरी. आणि आवाज आला. त्याला वाटलं नळ सुटला. त्याने नळाकडे बघितलं, नळ बंद होता. मग त्याला कळलं. तो आवाज त्याचाच होता, भरीव, सलग, भिंतीवर घुमणारा, पंचविशीतला. त्याने भिंतीवरचा हात काढला. सरळ उभा राहिला. खांदे आपोआप मागे गेले. संपल्यावरही तो क्षणभर तसाच राहिला, कारण आता पुन्हा येईल, आणखी येईल, अशी जी कायमची शंका मागे उरायची तीच उरली नव्हती. बाहेर येऊन त्याने चहा मागितला. मोठा कप. वर पाणीही. तेजश्री, त्याची सून, चकित होऊन बघत राहिली, कारण सासरे अर्धा कप चहाचे मानकरी म्हणून घरात प्रसिद्ध होते. त्या संध्याकाळी त्याने नासिरला गाठलं आणि चवदार तळ्याला एक फेरी मारली, मग दुसरी, मग तिसरी. वाटेत शहाळ्याचं पाणी प्याला. नासिर धापा टाकत म्हणाला, "बस कर यार, आता माजे गुडगे दुखायला लागले."

रात्रीच्या झोपेचं त्याला स्वतःला कळलं नाही, कारण झोपलेल्याला काय कळणार. ते आनंदीबाईंनी सकाळी सांगितलं, गॅसवरच्या भांड्याकडे बघत, जरा रागानेच. "पाच-पाच येळा उटनारा मानूस उटलाच नाय. म्या दोनदा नाकाशी हात धरून बगितला. म्हनलं गेला काय माजा नवरा." ते ऐकून सयाजीला एकदम लाज वाटली, इतकी की त्याने सगळं सांगून टाकलं. मनगट, उडवी, सुनील, पनवेल, मणी. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे म्या गेला महिनाभर रोज या मनगटाला तेल चोळतेय, ते फुकटच?" आणि हातातली पळी त्यांनी त्याच्या दंडावर मारली, फार जोरात नाही. मग हसायला लागल्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं इतकी कधी हसली नव्हती. हसून झाल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पर त्या सुनीलचं काय वो? त्यानं तुमच्यापायी नारळ फोडलाय." सयाजी उठून गॅलरीत गेला.

गावकी शिमग्याच्या आधीच्या रविवारी सकाळी काळकाईच्या देवळात बसली. मुंबईचे चाकरमानी आले होते, सयाजीचा मुलगा राहुलही त्याला मोटरसायकलवर घेऊन आला होता. सयाजीने पट्टी केव्हाच सोडली होती. मोकळं मनगट घेऊन तो नेहमीच्या खांबाशी बसला आणि आज यंदाची वेळ, यंदाचे मान एवढं ठरलं की उठायचं, असा त्याचा बेत होता. सुनीलला बाजूला घेऊन सांगू, आज नाही तर उद्या. तोवर हैबतीचा आवाज आला, अगदी मऊ. "पूर्वेचा तनावा. सयाजीचा हात आपुन समद्यांनी बगितला. शिरेचं काम जालंय. त्याला तरास नको. यंदा राहुल धरील." सभा मायेने हुंकारली. कुणी म्हणालं, बराबर हाय. कुणी म्हणालं, घरातल्या घरात ऱ्हातंय. सयाजीच्या आत काहीतरी धाडकन बंद झालं, आणि त्याने तो आवाज ओळखला, ते चुलत्याच्या घरचं दार होतं. एकदा तणावा पोराकडे गेला की परत येत नाही, हे देवखोलात सांगावं लागत नाही. भिंतीशी टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांची एक ओळ देवळात होती, आणि तिच्यात एक जागा मोकळी करून ते त्याच्याकडे प्रेमाने बघत होते. ज्यासाठी पनवेल केलं, ज्यासाठी त्या टेबलावर आडवा झाला, ते त्याच्याच तोंडच्या मनगटाने हिरावून घेतलं होतं. त्याने राहुलकडे बघितलं. राहुल नुसता म्हणाला, "मला काही घाई नाही, बाबा."

सयाजी उभा राहिला. बोलायचं काय ते ठरलं नव्हतं. "हैबतीदा," तो म्हणाला, आणि बाकी सगळं शहरातलं बोलणं कुठल्या कुठे गेलं, "माजा हात कदी दुखलाच नवता." मागे बसलेले पुढे सरकले. "गेल्या शिमग्याला मला मुतायला लागली व्हती. धरवली नाय. तनावा म्या सोडला. सुनीलनं ओडला नाय." तो सुनीलकडे वळला. "तुजा नारळ माजा व्हता, सुनील. वरीसभर म्या गप बसलो. मला माफ कर." सुनील उघड्या तोंडाने बघत होता. मग सयाजीने सगळं सांगितलं, गाठ, नळी, मनगटातून खाली गेलेली वाट, मणी, न्हाणीघर. न्हाणीघराचं जरा जास्तच रंगवून सांगितलं. पहिला हसला तो सुनीलच. "म्हंजे म्या," तो म्हणाला, "म्या वरीसभर ढोरं सोडतानाबी दावं हळू ओडत व्हतो!" आणि मग कुणाला आवरेना. बायका बसलेल्या बाजूने "अगो बाय!" असं कुणीतरी ओरडलं आणि मग तिकडेही तेच. एकटा हैबती हसला नाही. तो सयाजीच्या मनगटाकडे बघत होता, मग खाली, मग पुन्हा मनगटाकडे.

"मनगटातून," हैबती म्हणाला. "खालचं काम."

"व्हय."

"पोट फाडलं नाय?"

"नाय."

"पिशवी?"

"कसली पिशवी, हैबतीदा! दुसऱ्या दिशी वीरला उतरलो, नासिरच्या रिक्षेतनं घरी."

हैबतीने मिशीवरून हात फिरवला. "बोलनं झालं. पर काठी देवीची हाय. पुन्हा कलली तर? गावानं इस्वास कशावर ठेवायचा?" मग त्याने न्याय दिला. "सयाजी, तांब्याभर पानी पी. आनि गावकी उटंस्तवर जागचा हलू नकोस. हाललास, तनावा राहुलचा. नाय हाललास, तुजा." सुनील ताडकन उठला. "पानी म्या आनतो," तो म्हणाला, आणि तांब्याऐवजी देवळातली पितळी कळशीच घेऊन आला, काठोकाठ. त्याच्या चेहऱ्यावर वर्षभराचा हिशेब होता आणि डोळ्यांत हसू. सयाजीने कळशी तोंडाला लावली. विहिरीचं थंड पाणी गळ्यातून उतरत गेलं, छातीवर सांडलं, पुन्हा उतरत गेलं. सहा-सात वर्षांत एका दमात इतकं पाणी तो प्याला नव्हता. अर्धी कळशी झाल्यावर हैबतीच म्हणाला, "पुरं रे, मरशील."

मग गावकी चालली. देवखोलची गावकी लवकर उठत नाही. भोंगा किती मोठा लावायचा यावर पाऊण तास. मंडपाला नवीन कापड की जुनंच, यावर त्याहून जास्त. सयाजी खांबाशी मांडी घालून बसला होता आणि आपल्या पोटाकडे कान लावून होता, सवयीने. पहिला तास गेला. कुठेतरी हलकी जाणीव झाली, आणि तो दचकला, घामाचा थेंब कपाळावर आला. सारं गाव आपल्याकडे बघतंय असं त्याला वाटलं, आणि ते खरंच बघत होतं. तो वाट बघत राहिला, की आता ती कळ उठेल, आता दात आवळावे लागतील. जाणीव आली तशी थांबली. ती त्याला सांगत होती, सवडीने जा. सवडीने! हा शब्द त्या जागेला माहीत आहे हे तो विसरलाच होता. आणि मग त्याला आजूबाजूचं दिसायला लागलं. हैबती उठला, म्हणाला बैल बांधलाय का बघून येतो. परत आला. अर्ध्या तासाने पुन्हा बैल. भिंतीशी बसलेल्यांपैकी एक तंबाखू थुंकायला गेला तो बराच वेळ गेला. दुसऱ्याला फोन आला, आणि त्याच्याजवळ फोनच नव्हता. एकेक जण उठत होता, घाईने, पाय जवळजवळ टाकत, ओठ मिटून, आणि परत येऊन हळूच बसत होता. सयाजीला ते प्रत्येक पाऊल ओळखीचं होतं. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की या देवळात आपणच एकटे आहोत. त्याचा ऊर भरून आला, हसूही येत होतं, आणि दोन्ही आवरत तो मंडपाच्या कापडाबद्दल मत द्यायला लागला. जुनंच लावा, तो म्हणाला, चांगलं हाय. अडीच तासांनी हैबती चौथ्यांदा बैल बघून आला, हाश्शहुश्श करत बसला, सयाजीकडे बघितलं आणि म्हणाला, "लिवा. पूर्वेचा तनावा सयाजीचा." राहुलने खांबामागून बापाच्या पाठीवर थाप मारली. सयाजी मुद्दाम आणखी पाच मिनिटं बसला.

शिमग्याच्या दिवशी त्याने सकाळी दोन कप चहा घेतला. काठी उठली, खालूबाजा लागला, ऊन चढत गेलं, आणि डाव्या मनगटाला तणाव्याचा एक वेढा देऊन तो शेतांतून चालत राहिला. आंबा मोहरला होता, गेल्या वर्षीची मोडकी फांदी वर दिसत होती. समोरच्या दोराला सुनील होता, काठी नाचताना दोघांची नजर एकमेकांच्या हातावर होती, आणि सुनील मध्येच ओरडला, "ओडू काय काका?" सयाजी ओरडला, "ओड की! रेटून ओड!" दोर ताठ झाला आणि वर तीस हातांवर ती लाल-पिवळी काठी सरळ उभी राहिली. उडवी आली, गेली. चौथं घर गेलं, सातवं गेलं. आनंदीबाई अंगणात आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांनी त्याच्याकडे भुवया उडवून विचारलं आणि त्याने मान हलवून सांगितलं, काही नाही, सगळं ठीक. तीन तास दहा मिनिटांनी काठी सहाणेला टेकली. तेव्हाच त्याने हात सोडला. मनगटावर दोराचा लाल वळ उठला होता, आता खरंच दुखत होतं, आणि ते दुखणं त्याला फार आवडलं.

गुलाल उडत होता. सयाजी घाई न करता सहाणेमागच्या झाडीकडे निघाला, फिरायला निघाल्यासारखा. त्याच्यामागे पावलं वाजली, घाईची, जवळजवळ टाकलेली. हैबती होता. तो सयाजीच्या शेजारी येऊन उभा राहिला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वाजपाचा आवाज पुरेसा मोठा आहे याची खात्री केली. मग त्याने सदऱ्याच्या दोन्ही बाह्या वर सारल्या आणि गुलालाने माखलेली दोन्ही मनगटं सयाजीपुढे उताणी धरली.

"बग रे," तो म्हणाला. "यातलं कुठलं चालंल तुज्या त्या डाक्टरीनबाईला?"